१४ हजारांचा कोळसा

आधी पैशाचं बोलू, दुकानदार माणूस आहे. चित्राचे १४,००० रुपये. फ्रेमचे ३,६००. त्याआधी दुसऱ्या एका फ्रेमवाल्याकडे पाण्यात गेलेले १,८०० वेगळे, ती रडकथा पुढे येईलच. कागद २२ बाय ३० इंची, आडवा. त्यावर कोळशात काढलेला एक बिबट्या. कोपऱ्यात थोडा ऊसही आहे, पण त्याबद्दल माझी तक्रार आहे.

चित्र काढणाऱ्या ताई नाशिकच्याच. गंगापूर रोडला राहतात, घराच्या वरच्या खोलीत काम करतात. नाव-नंबर इथं टाकत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. हातातल्याच ऑर्डरी उरकेनात म्हणे.

माझं कृषी सेवा केंद्र दिंडोरी रोडला. बियाणं, खतं, औषधं. अशा दुकानाच्या भिंतींवर काय असतं ते सांगायला नको. कंपन्यांची कॅलेंडरं, डाऊनी रोगाच्या औषधावरचा द्राक्षघड, हातात टोमॅटो धरून हसणारा शेतकरी. काउंटर नवा केला तेव्हा मुलीनं अट घातली की काउंटरमागच्या भिंतीवर एकही कंपनी चढणार नाही. मग लावायचं काय? ती म्हणाली, चित्र लावा. मी म्हटलं, घाटाचं लावू. नाशकात चित्र म्हटलं की गोदाघाट आणि तोही जलरंगात. चित्रकार शिवाजी तुपे सरांनी ही गोडी अख्ख्या गावाला लावून ठेवलीय. पण घाट बँकेत आहे, डॉक्टरकडे आहे, साडूच्या हॉलमध्ये आहे. माझ्या गिऱ्हाइकाच्या तोंडी जे दिवसभर असतं ते लावावं असं ठरलं. ते म्हणजे भाव, पाऊस, लाइट आणि बिबट्या. पहिल्या तिघांचं चित्र कोण काढणार?

आमच्याकडे बिबट्याचं नवल राहिलेलं नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरी. गोदा, दारणा, कादवा यांच्या काठचा ऊस म्हणजे त्याचं घरच. ऊसतोड सुरू झाली की सरीत बछडी सापडतात. मग वनखात्याची माणसं ती क्रेटखाली झाकून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि रात्री मादी येऊन घेऊन जाते. शेतीची लाइट रात्रपाळीची असली की पाणी भरायला निघालेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, तो काय विंचवाच्या भीतीनं? आणि गावाकडचंच कशाला, गंगापूर रोडच्या बंगल्यांतही तो येऊन गेलाय. ज्या भिंतीसमोर दिवसभर असे लोक उभे राहणार, तिथं बिबट्या टांगायचा म्हणजे चित्रकाराची परीक्षाच. इथं चुकीचा ठिपका खपत नाही.

ऑर्डर द्यायला गेलो तेव्हा ताईंनी माप आणि बजेट नंतर विचारलं. पहिला प्रश्न: "काका, तोंड उघडं हवं की मिटलेलं?" वाघ-बिबट्याची जी मागणी येते, तिच्यात बहुतेकांना सुळे लागतात. जिमवाल्याला लागतात, बिल्डरला लागतात. मी म्हटलं, मिटलेलं. माझ्या गिऱ्हाइकांत ज्यांनी ज्यांनी बिबट्या बघितलाय, त्यांच्यापैकी कोणाच्याही हकिगतीत सुळे येत नाहीत. ते सांगतात, "बांधावर बसला होता, बघत होता." पुढं गोष्टीत मीठमसाला पडतो तो दुसऱ्या सांगणाऱ्यापासून. ताईंनी वहीत लिहून घेतलं, 'बसलेला, बघतोय'. ऑर्डर एवढीच. माझ्या मते १४ हजारांतले निम्मे त्या एका प्रश्नाचे आहेत.

आता चित्र.

बिबट्या बसलाय, अर्धा अंधारात. तोंड आपल्याकडे, किंचित वळलेलं. उजेड डाव्या बाजूनं, अगदी मंद. सूर्य गेल्यावर थोडा वेळ रेंगाळतो तो. दिसतं एवढंच: चेहऱ्याची एक बाजू पूर्ण, दुसरी अर्धी, दोन्ही कान, एक खांदा आणि पुढचा एक पाय. पाठ काढलेली नाही. शेपूट नाही. पाठीची साधी रेघसुद्धा नाही. तरी दुकानात येणारा माणूस म्हणतो, "केवढा लांबलचक आहे हो!" एका आजोबांनी तर काचेवर बोट फिरवून पाठ, कंबर, मागचा पाय, शेपटीचा आकडा असं सगळं दाखवून दिलं. काच मी नंतर पुसली, पण बोट अगदी योग्य जागेवरून गेलं होतं.

हे कसं जमलं ते कळायला मला बरेच दिवस काउंटरच्या या बाजूला उभं राहावं लागलं. सगळी करामत ठिपक्यांची आहे. बिबट्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पायांवर भरीव ठिपके असतात. खांद्यापासून मागं मात्र तुटक पाकळ्यांची कडी, आतून मोकळी. चित्रात खांद्यावरची कडी चांगली गोल आहेत. तिथून मागं जाताना ती चपटी होत जातात, जवळ जवळ येतात, एकमेकांवर चढतात आणि काळ्यात जातात. कडी चपटी झाली म्हणजे अंग तिथं वळलं, हे डोळ्याला आपोआप समजतं. बाकीचं जनावर माणूस मनातच पुरं करतो.

एक जाता जाता. आधी याच भिंतीवर एका कंपनीचं कॅलेंडर होतं, खाली मोठ्या अक्षरात 'बिबट्या'. वनखात्यात असलेले माझे एक गिऱ्हाईक पहिल्याच नजरेत म्हणाले, "हा आपला नव्हे." कड्यांच्या आत पुन्हा बारीक ठिपके होते. तो जग्वार, दक्षिण अमेरिकेतला. इंटरनेटवरून फोटो उचलला की असं होतं. ताईंच्या बिबट्याची कडी त्यांनी चष्मा लावून तपासली. आत कोरी. पास. शिवाय एक माहिती दिली: कोणत्याही दोन बिबट्यांची नक्षी एक नसते, कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या, फोटोवरून जनावर ओळखतात ते याच खुणेवर. मग हा कोणता? ताईंना विचारलं तर म्हणाल्या की नक्षी कुठल्या एकाच जनावराची नाही, तीन-चार फोटोंतून बेतलीय. म्हणजे आमचा बिबट्या खात्याच्या कुठल्याच नोंदीत सापडायचा नाही.

डोळ्यांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. बाहुली गोल आहे. घरच्या मांजरीची उजेडात उभी चीर होते, बिबट्याची होत नाही. ती मध्यम आकाराची काढलीय, म्हणजे दिवसही नाही आणि काळीकुट्ट रात्रही नाही. उजेडाच्या बाजूच्या डोळ्यात एक पांढरा कण आहे, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. तो खडूनं ठेवलेला नाही, तिथं कागदच कोरा आहे. दुसऱ्या डोळ्यात तोही नाही, नुसता ओलसर काळा. मला आधी वाटायचं की हा फक्त उजेड-सावलीचा हिशोब असेल. मग निफाडकडचे एक द्राक्षवाले औषध घ्यायला आले. त्यांच्या शेताला रात्रीची लाइट. बिल होईस्तोवर चित्र बघत राहिले आणि म्हणाले, "हितं आपल्या हातात बॅटरी नाही." मी म्हटलं, म्हणजे? "बॅटरी मारली असती तर डोळे चमकले असते. हे चमकत नाहीत. म्हणजे त्यानं आपल्याला बघितलंय, आपल्याला अजून तो दिसायचाय."

रात्रीच्या प्राण्यांच्या डोळ्यात मागं चमकणारा पडदा असतो, बॅटरीचा झोत त्याच्यावरून परततो, हे शास्त्र आपण शाळेत शिकलो. पण त्यावरून चित्र बघणारा कुठं उभा आहे आणि त्याच्या हातात काय नाही, हे काढणं म्हणजे कमाल आहे. या माणसानं आयुष्यात चित्रांचं प्रदर्शन पाहिलेलं नाही. मी ताईंना फोन करून सांगितलं, तर त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "फोटोत डोळे चमकत होते, ते मी मुद्दाम विझवले. चमकते डोळे काढले की सगळे तेवढंच बघतात."

कानांवरून मात्र आमच्या दुकानात तंटा आहे. एक कान पुढं, आपल्याकडे. दुसरा बाजूला, मागं वळलेला. मांजरकुळातले प्राणी दोन्ही कान वेगवेगळे फिरवतात, त्यामुळे चूक काही नाही. पण मागं आहे काय? सिन्नरकडून कांद्याचं बी घ्यायला आलेल्या एका मावशींनी लगेच सांगून टाकलं, "मागं बछडी हायेत. मादी हाये ही." कशावरून? "मान बघा की. नराची एवढी बारीक असती व्हय?" नराचं डोकं रुंद आणि मान भरलेली असते, हे खरंच आहे. दुसऱ्या एकाचं म्हणणं, मागं रस्ता आहे आणि गाडी येतेय. तिसऱ्याचं, मागं कुत्रं. ज्याच्या शेताशेजारी जे, ते त्या कानामागं जाऊन बसतं. खुलासा मागितला तर ताई म्हणाल्या की चेहऱ्यासाठी घेतलेला फोटो नराचा होता, अंधारात मान आपोआप बारीक झाली. पुढच्या खेपेला मी मावशींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "फोटो नराचा आसंल. ही मादीच हाये." आता मीही मादीच म्हणतो, त्या कानाचा अर्थ मग सरळ लागतो.

पंजाचीही गंमत आहे. पुढचा जो पाय दिसतो तो मनगटातून आत दुमडलेला आहे, नखं मिटलेली. त्या वनखातेवाल्यांनी हे बघून निर्वाळा दिला की हे जनावर उडी मारणार नाही. पाय असा मुडपून बसलेल्याला उठायलाच वेळ लागतो. कान सावध, डोळा सावध, पंजा मात्र निवांत. एकाच अंगात दोन्ही आहे आणि त्यामुळेच लोक चित्रासमोर घुटमळतात: भ्यावं की नाही, ते ठरत नाही. नुसते सुळे असते तर एका नजरेत काम संपलं असतं. पंजा कुठून आणला म्हणून विचारलं तर ताई हसायला लागल्या. त्यांच्या घरी एक करडी मांजर आहे, खिडकीत बसलेल्या तिचा पाय समोर ठेवून हा काढला. म्हणजे खात्याच्या माणसानं जो निर्वाळा दिला तो गंगापूर रोडच्या मांजरीचा. पण जनावर तेच कुळ, बसणंही तेच.

आता कोळशाबद्दल, कारण इथं आमचा धंदा मध्ये येतो. चित्रकलेचा हलका कोळसा काड्यांचा करतात, विलोच्या किंवा द्राक्षवेलीच्या. ताई तो ऑनलाइन मागवायच्या, परदेशी पाकीट. मला हसावं की रडावं कळेना. एप्रिलच्या खरड छाटणीला आपल्याकडे बागेबागेत काड्यांचे ढीग पडतात, कोणी कुट्टी करून सरीत टाकतं, कोणी बांधावर पेटवून देतं, आणि नाशकात बसून तुम्ही द्राक्षाची काडी विकत आणता! मोहाडीच्या एका बागायतदाराकडून गोणीभर काड्या आणून दिल्या. पेन्सिलीच्या जाडीच्या, सरळ, पेर लांब असलेल्या. फवारणीचे अंश असतात म्हणून आधी धुवा, वाळवा, भाजताना उघड्यावर भाजा, हा सल्ला फुकट.

भाजायची रीत बघायला मी मुद्दाम गेलो. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्यात काड्या गच्च भरलेल्या, झाकण तारेनं बांधलेलं आणि झाकणाला खिळ्यानं एक भोक. डबा विस्तवात ठेवायचा. भोकातून आधी पांढरा धूर येतो, मग पिवळट, ती धार कधी कधी पेटतेसुद्धा. धूर थांबला की डबा बाहेर काढायचा आणि हात लावायचा नाही. गरम असताना उघडला तर आत हवा शिरते आणि सगळ्याची राख. गार झाल्यावर उघडला तेव्हा काड्या तशाच्या तशा, डोळ्यांसकट, फक्त काळ्या आणि वजनाला काहीच नाहीत. एकमेकींवर आपटल्या तर काचेचा आवाज येतो.

या काडीचा काळा पुरता काळा नसतो, राखाडीकडे झुकतो आणि फडक्यानं पुसला तर निम्मा निघून जातो. चित्रातला सगळा अंधार या काडीचा आहे, तळहातानं पुसून पुसून केलेला. नीट पाहिलं तर कागदाचा खरबरीतपणा त्यातून वर येतो आणि अंधारात धूळ तरंगतेय असं वाटतं. ठिपक्यांना मात्र दुसरा कोळसा वापरलाय, भुकटी करून डिंकात दाबलेला, बाजारचा. तो खरा काळा आणि हलता हलत नाही. त्यामुळे रात्र राखाडी आणि बिबट्याचे ठिपके रात्रीपेक्षा काळे, असा प्रकार झालाय. अंधारातून तो पुढं येतो तो याच फरकामुळे. पांढरं काहीच लावलेलं नाही. जिथं उजेड आहे तिथं मऊ, मळता येणाऱ्या खोडरबरानं कोळसा टिपून उचललाय, गालावरची लव तशीच निघालीय.

मिशांनी मला सर्वात जास्त चकवलं. पांढऱ्याशुभ्र, केसाएवढ्या बारीक, काळ्यावरून सरळ गेलेल्या. खोडरबरानं एवढी बारीक रेघ येत नाही. चित्र भिंतीवरून उतरवून तिरप्या उजेडात धरलं तेव्हा कळलं: कागदावर खोबण आहे. कोळसा लावायच्या आधीच शाई संपलेल्या बॉलपेननं दाबून मिशा ओढून ठेवल्या होत्या. वरून कोळसा फिरवला की खोबणीत उतरत नाही, रेघ कोरी राहते. बिलबुकात कार्बन न घालता जोरानं लिहिलं की खालच्या पानावर अक्षरं उमटतात ना, तसंच. म्हणजे कागद पूर्ण पांढरा असताना, बिबट्याचा पत्ता नसताना, मिशा आधी काढल्या. पुढं कान इकडं तिकडं झाला असता तरी मिशा हलवता आल्या नसत्या.

मुलीनं मोबाइलवर फ्रान्समधल्या शोवे गुहेचे फोटो दाखवले. १९९४ साली सापडलेली गुहा, आत ३०,००० हून जास्त वर्षांपूर्वीचे सिंह आणि गेंडे, बरेचसे कोळशात. सिंहांची डोकी एकामागं एक, सगळ्यांची नजर एकाच दिशेला लागलेली. अंग पुरं काढायची त्यांनाही गरज वाटलेली नाही. कोळसा बोटानं पसरून गालाखाली सावली केलीय, अगदी ताई करतात तीच रीत. जनावराला रोज भिऊन असणाऱ्या माणसांनी काढलेलं आहे ते, ओळखू येतं. माझ्या गिऱ्हाइकांना दाखवायला मी एक फोटो काउंटरवर काचेखाली ठेवलाय.

तक्रारी आहेत. पहिली, उजव्या कोपऱ्यातला उसाचा पाला. तीन-चार पानं, त्यांच्या शिरा, कडेचे काटे, सगळं इतकं निगुतीनं काढलंय की कृषी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात शोभावं. बाकी चित्रात जे सोडून दिलंय तेच बोलतं आणि इथं सगळं सांगून टाकलंय. नजर मिशांवरून घसरते ती थेट पाल्यात जाऊन अडकते. मी ताईंना म्हटलंसुद्धा. त्यांचं म्हणणं, ऊस नसेल तर तो कुठलाही बिबट्या झाला असता. असेल. मला पटलेलं नाही. या मातीतला बिबट्या असल्याचं त्या द्राक्षवाल्यानं ऊस न बघताच ओळखलं होतं.

दुसरी, मागच्या अंगाकडे जिथं ठिपके काळ्यात जातात तिथं दाबलेला कोळसा अति झालाय. कागदाचा पोत भरून गेला आणि तिथं हाताएवढा भाग तुकतुकीत, निर्जीव दिसतो. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की तो चमकतो. दिवसा जाणवत नाही.

तिसरी, वेळ. गणपतीपर्यंत देते म्हणाल्या, चित्र हातात आलं दिवाळीनंतर. मध्ये पावसाळी हवेत कागद ओलावा धरतो, कोळसा नीट बसत नाही, हे कारण खरं असेलही, पण ते ऑर्डर घेतानाच माहीत असणार ना? माझ्याकडे कोणी रोपं गणपतीला मागितली आणि मी दिवाळीनंतर दिली तर माझी काय गत होईल. एक तारा इथं गेला. पाचात चार.

आणि आता ते १,८०० रुपये. चित्र आल्यावर मी उत्साहानं एका ओळखीच्या फ्रेमवाल्याकडे टाकलं. दुकानाचं नाव घेत नाही. त्यानं काच थेट कागदावर चिकटवून फ्रेम करून दिली, मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) नाही की फट नाही. आठवड्याभरात काचेच्या आतल्या बाजूनं बिबट्याचा गाल उमटला. कोळसा फवाऱ्यानं पक्का केलेला असला तरी शेवटी भुकटीच ती, टेकलं की उचलते. भांडायला गेलो तर म्हणतो, "पोस्टरला आम्ही असंच करतो." चित्र घेऊन पुन्हा ताईंकडे. त्यांनी तो गाल दुरुस्त करून दिला, एक पैसा न घेता, आणि फ्रेम कशी हवी ते कागदावर आकृती काढून लिहून दिलं. हा कागद चित्राबरोबर पहिल्याच दिवशी दिला असता तर बरं झालं असतं, असं मी त्यांना सांगितलंय. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला देतात.

मेनरोडच्या आतल्या गल्लीतल्या दुसऱ्या एका कारागिरानं तो कागद बघून जशीच्या तशी फ्रेम केली. आम्लमुक्त माउंट, माउंटच्या मागं पट्टी घालून काच पाव इंच वर उचललेली, त्यामुळे एखादा कण गळलाच तर माउंटच्या मागं पडतो, समोर दिसत नाही. मी अॅक्रिलिक मागत होतो, हलकं म्हणून. त्यानं हातातला अॅक्रिलिकचा तुकडा बाहीवर घासला आणि कागदाच्या कपच्यांवर धरला. कपच्या टपाटप वर चिकटल्या. "साहेब, तुमचा बिबट्या असाच वर येईल." काच घेतली. वजन चांगलंच झालंय, भिंतीत दोन स्क्रू मारलेत. ३,६०० रुपयांबद्दल काही म्हणणं नाही.

घ्यायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. दर साइजवर आहेत, निम्मे आधी, निम्मे चित्र हातात आल्यावर. पावती साधी मिळते. पावसाळ्यात होणारी ऑर्डर देऊ नका. तुळशीचं लग्न झालं की सांगा, थंडीत हवा कोरडी असते आणि काम वेळेत होतं. चित्र ओल्या भिंतीवर लावू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. काच पुसताना पाणी काचेवर फवारू नका, फडक्यावर घ्या. कोळसा उन्हानं विटत नाही, पण कागद पिवळा पडतो, म्हणून समोरून ऊन येणारी भिंत टाळा. सुळे हवे असतील तर तेही काढून देतात, दर तोच. आणि या मापाची तयार फ्रेम मला तरी नाशकात कुठं मिळाली नाही, करूनच घ्यावी लागते, तो खर्च आधीच धरून चला.